तुलनेचे प्रयोजन

दोन वस्तूंपैकी कोणती विकत घ्यावी, हा प्रश्न सामान्यतः बाजाराचा समजला जातो. नीतीशी त्याचा काही संबंध असेल असे सहसा कोणी मानीत नाही. गुण पाहावेत, किंमत पाहावी, खिसा चाचपावा आणि व्यवहार उरकावा, एवढेच त्यात अभिप्रेत असते. परंतु मनुष्य निवड कशी करतो यात त्याच्या मनाचे जितके दर्शन घडते तितके अन्यत्र क्वचितच घडत असेल, असे आम्हांला वाटते. तुलना हा विवेकाचा व्यापार आहे यात शंका नाही. पण विवेकाचाच वेष घेऊन निर्णय टाळण्याची युक्ती म्हणूनही ती वावरत असते. या दोहोंमधील सीमारेषा कोठे आखावी, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

उदाहरण साधेच घेऊ. एक चांगला कॅमेरा घ्यावा असे आम्ही योजिले आणि पुष्कळ चाळणी लावल्यानंतर दोन नावे उरली : सोनीच्या ए-७ मालिकेतील २०२१ सालचा चौथा कॅमेरा, आणि फुजीफिल्मचा २०२२ सालचा एक्स-टी ५. दोन्ही ‘मिररलेस’ जातीचे. जुन्या कॅमेऱ्यांत लेन्समधून आलेला प्रकाश तिरक्या आरशावरून वर वळून डोळ्यापर्यंत पोचे आणि कळ दाबताच तो आरसा क्षणभर बाजूला होई. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांतून हा आरसा काढून टाकण्याची वाट २००८ साली पॅनासॉनिकच्या जी-१ ने मोकळी केली. आता सेन्सरवर पडलेले चित्रच एका चिमुकल्या पडद्यावर आपल्याला दिसते. यंत्रातला आरसा गेला खरा. पण यंत्राची निवड करणाऱ्यापुढे स्वतःचे मन दाखविणारा दुसरा आरसा उभा राहतो, त्याचे काय?

कारकुनाच्या सवयीने आम्ही तुलनात्मक तक्ता मांडला. सोनीच्या चित्रात सुमारे ३ कोटी ३० लाख बिंदू, फुजीफिल्मच्या चित्रात ४ कोटी २ लाख. सोनीचा सेन्सर जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा. क्षेत्रफळाने दुसऱ्याच्या सव्वादोन पटींहून अधिक. बॅटरी व कार्डासह वजन सोनीचे ६५८ ग्रॅम, फुजीफिल्मचे ५५७. हाताचा कंप सावरण्याचे सामर्थ्य कंपन्यांच्या मोजणीप्रमाणे एकाचे साडेपाच स्टॉप, दुसऱ्याचे सात. फुजीफिल्मच्या माथ्यावर शटरचा वेग आणि संवेदनक्षमता यांच्या जुन्या पद्धतीच्या चकत्या आहेत. सोनीचा कारभार बहुतांशी बटणे, चाके आणि पडद्यावरील याद्या यांवर चालतो.

तक्ता पुरा झाला आणि निर्णय मात्र होता तेथेच राहिला. यात नवल नाही. १०१ ग्रॅमचे ओझे कमी होणे आणि सेन्सर सव्वादोन पटींनी मोठा असणे, या दोन गोष्टी कोणत्या तराजूत तोलावयाच्या? वजन ग्रॅमांत मोजतात, क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरांत. चकती फिरविताना बोटांना होणारा आनंद कशातच मोजत नाहीत. रकाने शेजारी शेजारी असल्यामुळे ते एकाच मापाचे आहेत असा भास मात्र होतो.

गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थांची गणना आहे. तीत ‘संशय’ तिसरा येतो आणि ‘निर्णय’ नववा. संशयाचे परंपरागत उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे : संधिप्रकाशात दूर उभा दिसतो तो खांब की माणूस? तेथे आणखी जवळ जाऊन पाहिले की संशय फिटतो, कारण सत्य काय ते समोर उभेच असते. आमच्या प्रश्नाचे तसे नाही. दोन्ही कॅमेरे चांगले आहेत; कितीही जवळ जाऊन पाहिले तरी त्यांतील एक खांब निघणार नाही. मग येथे संशय फिटावा कसा? त्या गणनेत संशयाच्या लगोलग चौथा पदार्थ येतो तो ‘प्रयोजन’. कोणत्या हेतूने प्रवृत्त झालो आहोत, हे ठरल्यावाचून पुढचे पाऊल पडत नाही. न्यायशास्त्राच्या कर्त्याला कॅमेऱ्याची चिंता नव्हती हे उघड आहे. तरी हा क्रम आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो.

आणि ज्यांच्या हाताखालून खरेदीच्या फाईली जातात त्या आमच्या वाचकांना तर हा क्रम नवा नाहीच. केंद्र सरकारच्या २०१७ सालच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत हेच सांगितले आहे : वस्तूचे वर्णन कार्यालयाच्या मूळ गरजेपुरते असावे, अनावश्यक वैशिष्ट्ये घालून खर्च वाढवू नये. आधी गरजेची टिपणी, मग निविदा, आणि तक्ता त्यानंतर. ज्या फाईलीत तक्ता आधी तयार होतो आणि गरज मागाहून लिहिली जाते, तिच्याकडे लेखापरीक्षक संशयाने पाहतो. सरकारच्या पैशाबाबत आपण जो नियम पाळतो तो स्वतःच्या पैशाबाबत का पाळू नये? आपल्या इच्छांचा लेखापरीक्षक बाहेरून येत नाही. म्हणूनच तेथे अधिक कडक असावयास हवे.

तेव्हा आमचे प्रयोजन काय, ते सांगतो. नोकरीनिमित्त हजार-दीड हजार किलोमीटर दूर राहणाऱ्या मनुष्याला घरची माणसे वर्षातून एकदा, फार तर दोनदा दिसतात. जे रोज पाहतात त्यांना आईवडिलांचे म्हातारपण दिसत नाही; ते हळूहळू येते. आम्हांला ते पायरीपायरीने दिसते. गेल्या रजेत वडील विहिरीपर्यंत चालत जात; या रजेत ओसरीपर्यंत येतात. आईचा चेहरा चुलीपाशी, माजघरातल्या अपुऱ्या उजेडात जसा दिसतो तसा राखून ठेवावा, भिंतीवर लावता येईल एवढा मोठा करावा, हे आमचे प्रयोजन. त्यात धावणारे हरिण नाही की उडणारा पक्षी नाही.

हे एकदा लिहून काढले आणि तक्त्यातील अर्धे आकडे आपोआप मुके झाले. बारा बाय अठरा इंचांचे चित्र इंचास ३०० बिंदूंच्या हिशेबाने छापावयाचे तर १ कोटी ९४ लाख बिंदू पुरतात. दोन्ही कॅमेऱ्यांत ते विपुल आहेत. शिवाय ३ कोटी ३० लाख आणि ४ कोटी २ लाख यांतील अंतर ऐकण्यास मोठे असले तरी चित्राच्या लांबीत ते सुमारे दहा टक्केच पडते. उरला प्रश्न अपुऱ्या उजेडाचा. मोठा सेन्सर एकूण प्रकाश अधिक घेतो, ही सोनीची खरी जमेची बाजू; पण लहान सेन्सरला अधिक उघडणारी लेन्स जोडली तर ते अंतर बरेचसे भरून निघते, आणि माजघरात बसलेली माणसे स्थिर असतात, तेथे कंप सावरण्याचे सामर्थ्य उपयोगी पडते. प्रयोजनाने निर्णय दिला असे नाही. त्याने प्रश्न लहान केला. आम्ही फुजीफिल्मच्या बाजूने कौल दिला. दुसऱ्याचे प्रयोजन दुसरे असेल तर त्याने सोनी घ्यावा, त्यात अणुमात्र विसंगती नाही.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, सुंदर यंत्र जवळ असावे ही हौसदेखील प्रयोजनच नव्हे काय? आहे, निःसंशय आहे. मात्र तिची नोंद तिच्याच नावाने व्हावी. हौसेला ‘मंद प्रकाशातील कामगिरी’ असे भारदस्त नाव देऊन टिपणीत घालणे, ही स्वतःशी केलेली लबाडी होय. तसेच, कर्तव्य हे या तक्त्यातील एक रकाना होऊ शकत नाही. अशा कॅमेऱ्याची किंमत आमच्या वर्गातील मनुष्याच्या तीन-चार महिन्यांच्या पगाराएवढी असते. घरच्यांचे औषधपाणी, मुलांची फी, डोक्यावरचे देणे ही आधी बाजूला काढावयाची. लेन्सशी त्यांची तुलना करावयाची नसते. त्यानंतर जे उरेल त्यातच निवडीचे स्वातंत्र्य आहे.

दुसरा आक्षेप असा की, साधनाला महत्त्व नसतेच. पाहणाऱ्याचा डोळा हवा. हेही अर्धेच खरे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला १९४२ च्या सुमारास दिल्लीस गेल्या आणि स्वातंत्र्याच्या पहिल्या दशकांचे जे चित्रण त्यांनी केले, त्यात स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा होता. त्याच्या साध्या धारकात फिल्मचे दोनच ताव बसत. आजच्या तक्त्यात त्या यंत्राला कोणताच रकाना जिंकता येणार नाही. पण त्यावरून यंत्र कसलेही चालते असे सिद्ध होत नाही. त्या कामाला ते यंत्र त्या काळी योग्य होते आणि वापरणारीला ते पुरते अवगत होते, एवढेच सिद्ध होते. साधन अवगत होण्यास काळ लागतो, आणि जो तुलनेतच रमतो त्याच्यापाशी तो काळ उरत नाही.

काळ हाच या प्रश्नाचा गाभा आहे. सोनीची ही मालिका २०१३ साली सुरू झाली. मग २०१४, २०१८ आणि २०२१ साली तिचे पुढचे कॅमेरे आले. फुजीफिल्मच्या त्या मालिकेत २०१४ पासून २०२२ पर्यंत दर दोन वर्षांनी एक नवा आला. अधिक चांगल्याची वाट पाहावी असे म्हणणाऱ्यास कारण कधीच कमी पडणार नाही. कारखाना वाट पाहणाऱ्याला दर वेळी काहीतरी अधिक देतो. घरची म्हातारी माणसे तसे देऊ शकत नाहीत. त्यांची पुढची आवृत्ती आधीच्याहून थकलेली असते. ही दोन घड्याळे एकाच वेळी चालू आहेत हे ज्याच्या ध्यानात आले, त्याच्या तुलनेला आपोआप मुदत पडते.

निर्णयानंतरचीही एक नीती आहे. न्यायशास्त्रात निर्णयापाठोपाठ वाद, जल्प आणि वितंडा यांची गणना येते. वाद सत्यासाठी, जल्प जयासाठी, आणि वितंडा केवळ दुसऱ्याचे खोडून काढण्यासाठी. आपण घेतले तेच श्रेष्ठ असे सिद्ध करीत हिंडणाऱ्याचा संशय फिटलेलाच नसतो, म्हणून तो जल्पाच्या आश्रयास जातो. ज्याला आपले प्रयोजन ठाऊक आहे त्याला दुसऱ्या कॅमेऱ्याचे गुण मोकळ्या मनाने मान्य करता येतात. नाकारलेल्याचा अनादर न करता निवडलेल्याशी एकनिष्ठ राहणे, हा वस्तूंच्या बाबतीत लहानसा गुण असेल. परंतु नोकरी, गाव आणि माणसे यांच्या बाबतीतही आपल्याला दुसरे काय साधावयाचे असते? तक्त्याखाली रेघ ओढावी, सही करावी आणि रजेचा अर्ज द्यावा, हे बरे.