लहानपण कोणी घ्यायचे?



आपल्या वाटेवर एक रीत आहे. दिंडीत भेटलेला माणूस कोण, कुठला, काय करतो, हे विचारायच्या आधी आपण त्याच्या पायांना हात लावतो, आणि तोही त्याच वेळी आपल्यापुढे वाकलेला असतो. सत्तरी ओलांडलेले बुवा विशीतल्या पोराच्या पाया पडतात, याचे कोणालाच नवल वाटत नाही. पंचवीस वर्षे मी असा वाकत आलो. त्यामुळे नम्रता म्हणजे काय ते आपल्याला कळले आहे, अशी माझी समजूत होती. गेल्या वर्षी परमुलखात माझ्याच घरात ती समजूत गळून पडली. पाठ वाकवणे सोपे असते, जीभ वाकवणे अवघड, हे मला नऊ वर्षांच्या नातीमुळे कळले.

माझा मुलगा संगणकाच्या नोकरीनिमित्त पोर्तुगालला असतो. लिस्बन शहराच्या उत्तरेला लागूनच ओदिव्हेलास नावाचे गाव आहे, तिथे तिसऱ्या मजल्यावर त्यांचे दोन खोल्यांचे घर. मी नव्वद दिवसांच्या व्हिसावर गेलो होतो. मुलाच्या ऑफिसात सगळा कारभार इंग्रजीत. सूनबाई बार्शीकडची, बी.कॉम. झालेली. इंग्रजी वाचते, पण बोलायची वेळ आली की अडखळते. नात सातव्या वर्षी तिकडे गेली आणि सरकारी शाळेत पडली. सहा महिने गप्प होती म्हणे. वर्षभरात अशी पोर्तुगीज बोलू लागली, की शेजारची म्हातारी तिला तिथलीच समजू लागली.

मी गेलो तेव्हा घरातला क्रम ठरून गेलेला होता. नळवाला आला, नातीला हाक. घरमालकाचा फोन आला, नातीच्या कानाला. वीजबिल, बँकेचे पत्र, शाळेची सूचना, सगळे तिच्यापुढे. मुलगा अभिमानाने म्हणायचा, “बाबा, आमची ही बघा घरातली वकील.” मीही पाठ थोपटायचो. आपल्याकडे लेकराचे कौतुक म्हणजे आईबापाची पुण्याई. त्या कौतुकाखाली काय झाकले जात होते, ते कोणी पाहिले नाही.

भाषा तशी गमतीची. आपल्या घरात चावी, बादली, बटाटा, घमेले, पगार, फीत असे कितीतरी शब्द तिच्याकडून आलेले. मला वाटले, अर्धी भाषा तर आपल्याला येतेच. पहिल्या सकाळी बेकरीत जाऊन ऐटीत चार पाव मागितले. बेकरीवाली बाई हसली आणि तिने नाकावर बोट ठेवले. त्यांचा पाव नाकातून म्हणायचा असतो. आपण म्हणतो तसा कोरडा ‘पाव’ म्हणजे त्यांच्या भाषेत लाकूड, काठी. मी चार काठ्या मागितल्या होत्या. नातीने मागून येऊन माझे बोलणे दुरुस्त केले. मी ओशाळलो, आणि खरे सांगतो, दुसऱ्या दिवसापासून पाव आणायला तिलाच पाठवू लागलो.

आभार मानायची त्यांची रीतही ऐकण्यासारखी. पुरुष ‘ओब्रिगादु’ म्हणतो, बाई ‘ओब्रिगादा’. मूळ अर्थ बांधला गेलेला, बांधली गेलेली. म्हणजे तुमच्या उपकाराने मी बांधलो गेलो. मुलाने सूनबाईला स्वतःचाच शब्द शिकवला होता, त्यामुळे ती वर्षभर पुरुषासारखे आभार मानत होती. वारांची तऱ्हा आणखी निराळी. सोमवारला ते ‘दुसरा’ म्हणतात, मंगळवारला ‘तिसरा’, कारण रविवार पहिला धरून मोजायचे. सूनबाईला दवाखान्याची वेळ ‘तिसऱ्या’ वारी मिळाली. तिने सोमवार पहिला धरला आणि बुधवारी जाऊन उभी राहिली. वेळ उलटून गेली होती. पुन्हा तारीख घ्यावी लागली.

इथपर्यंत हसण्यासारखे आहे. पुढचे नाही.

सूनबाईच्या मानेपाशी एक गाठ आली होती. नवी तारीख मिळाली तेव्हा मुलाला कामावरून निघता येईना. तिच्याबरोबर नात गेली. डॉक्टरीणबाईंचे इंग्रजी आणि सूनबाईचे इंग्रजी, दोन्ही अर्धवट. बाईंनी विचारलेही, घरातले मोठे कोणी आले नाही का? सूनबाईने लेकीकडे बोट दाखवले. बाई सावकाश बोलल्या. नातीने ऐकले, आणि आईला सांगितले, “काही काळजी नाही म्हणतात. पुढच्या आठवड्यात परत यायचे.” दोघी घरी आल्या. सूनबाईने त्या रात्री शिरा केला.

तीन दिवस पोर नीट जेवली नाही. शाळेतून आली की आईच्या मागे मागे फिरायची. चौथ्या दिवशी संध्याकाळी हरिपाठ आटोपून मी पोथी गुंडाळत होतो. ती जवळ येऊन बसली आणि म्हणाली, “आजोबा, ‘बिऑप्सिया’ला मराठीत काय म्हणतात?”

मी म्हटले, “बायोप्सीच म्हणतात, बाळ. का गं?”

तिने विचारले, “आजीची झाली होती, तीच का?”

तिची आजी पाच वर्षांपूर्वी गेली. ते दुखणे घरात काय होते ते त्या पोरीने चार वर्षांची असताना पाहिले होते. डॉक्टरीणबाईंचे बोलणे तिला पूर्ण कळले होते. तिने ते आईला मुद्दाम सांगितले नव्हते. तीन दिवस, तीन रात्री ते एकटीने पोटात ठेवले होते, कारण आईने रडावे असे तिला वाटत नव्हते.

गाठ साधी निघाली. पांडुरंगाची कृपा. पण वाचकहो, गाठ साधी निघाली म्हणून तीन रात्रींचा प्रश्न सुटत नाही. त्या रात्री आम्ही तिघे मोठे कुठे होतो? आम्ही तिच्या पाठीमागे लपलो होतो.

आता आपण शांतपणे विचार करू. कोणी म्हणेल, लेकराने आईबापाला मदत केली तर त्यात वाईट काय? श्रावणाने तर कावड खांद्यावर घेतली. खरे आहे. पण श्रावण जाणता होता आणि कावडीचे ओझे त्याने स्वतः होऊन घेतले. दळण आणणे, भांडी घासणे, आजोबांना पाव आणून देणे, ही मदत झाली. पण आईच्या दुखण्याची बातमी आईच्या आधी ऐकणे आणि ती सांगायची की गिळायची हे ठरवणे, ही मदत नव्हे. ते मोठ्यांचे काम आहे. ते लेकराच्या अंगावर पडले, ते भाषेच्या अडचणीने पडले असे आम्ही आधी म्हणत होतो. नीट पाहिले तर ते आमच्या अहंकाराने पडले.

मुलगा तीन वर्षांत पोर्तुगीज का शिकला नाही? वेळ नव्हता हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे त्यानेच एका रात्री सांगितले. म्हणाला, “बाबा, ऑफिसात मी दहा जणांचा प्रमुख. आणि दुकानात तोंड उघडले की तीन वर्षांच्या पोरासारखा बोलतो. समोरचा हसू दाबतो. नको वाटते.” सूनबाईचेही तेच, आणि चार काठ्या मागून आलेल्या माझेही तेच. तुकोबांनी देवाजवळ लहानपण मागितले, हे आपण कीर्तनात शंभरदा ऐकतो आणि माना डोलावतो. पण लहानपण खरोखर समोर आले, बेकरीच्या काउंटरवर आले, की आपण ते घेत नाही. आणि घरात कोणाला तरी ते सोसावेच लागते. मोठ्यांनी लहान व्हायचे नाकारले, की लहानाला मोठे व्हावे लागते. आमच्या घरात हेच झाले.

दुसरी शंका माझ्या एका गोव्याच्या स्नेह्यांनी फोनवर काढली. ते म्हणाले, “ज्यांनी आमची भाषा मोडायला पाहिली, त्यांच्या भाषेपुढे आता आपण वाकायचे?” त्यांचे दुखणे खोटे नाही. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. पण त्याच भूमीत त्याआधीची एक गोष्ट आहे. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात उतरला. वयाने तिशीच्या आसपास, म्हणजे शिकायचे वय उलटलेले, असे आपण म्हणू. इथल्या लोकांची बोली तो लोकांकडूनच शिकला. मराठी ओवीत त्याने ‘क्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६ साली राचोलला छापले गेले. कोकणीचे व्याकरणही त्याने लिहिले. आला होता तो आपला धर्म सांगायला, तो हेतू बाजूला ठेवू. मला त्याची जीभ दिसते. त्याने स्वतःची जीभ वाकवली. हुकूम काढणाऱ्यांनी दुसऱ्यांची जीभ वाकवायला घेतली. भाषा पुढे करून माणूस माणसाला छोटा करतो तेव्हा पाप घडते. भाषेसाठी माणूस स्वतः छोटा होतो तेव्हा तसे होत नाही. आणि आम्ही काय केले होते? आमच्या वाटचे वाकणेही त्या पोरीकडूनच करून घेतले होते.

आणखी एक गोष्ट मनात येत राहिली. ज्ञानोबा माउलींनी शके १२१२ मध्ये गीता मराठीत आणली. ऐकणारा आणि शब्द यांच्यामध्ये कोणी दुभाषी उभा राहू नये, ज्याचे त्याला थेट कळावे, हा त्यातला कळवळा आपण सांगतो. त्या परंपरेचे आम्ही, आणि आमच्या घरातल्या बाईला स्वतःच्या देहाची बातमी थेट कळत नव्हती.

मग आम्ही काय केले ते सांगतो. मोठे काही केले नाही. पोर्तुगालमध्ये परदेशातून आलेल्या प्रौढांसाठी सरकारी वर्ग असतात. २०२० पासून त्यांचे नाव ‘पोर्तुगीज, स्वागताची भाषा’ असे आहे. तिथले नागरिकत्व मागायचे तर प्राथमिक पातळीची भाषा येत असल्याचा दाखला लागतो, म्हणून पुष्कळ लोक येतात. मुलगा आणि सूनबाई संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागली. बाकावर शेजारी नेपाळचा स्वयंपाकी, बांगलादेशचा दुकानदार, युक्रेनची शिक्षिका. सगळे ‘माझे नाव अमुक, मी तमुक ठिकाणी राहतो’ एवढेच म्हणत असतात. सूनबाई म्हणाली, “बाबा, तिथे कोणीच मोठा नसतो. दिंडीसारखे वाटते.”

घरात एक नियम केला. दवाखाना, बँक आणि घरमालक, या तीन ठिकाणी नात बोलणार नाही. तोडके बोलू, कागदावर लिहून नेऊ, मुलाची रजा काढू, पण तिच्या तोंडून नाही. पाव आणणे पुन्हा माझ्याकडे आले. रोज सकाळी नाकातून पाव मागायचा. बेकरीवाली बाई रोज एकदा म्हणवून घ्यायची, मी रोज चुकायचो. अठराव्या दिवशी तिने काही न बोलता चार पाव पिशवीत टाकले. सत्तराव्या वर्षी एवढा आनंद झाला, की घरी येताना जिना दोनदा थांबून चढलो.

नियमाची परीक्षा मी परतण्याच्या आधीच्या आठवड्यात झाली. सूनबाईला तपासून घ्यायला जायचे होते. मी आणि नात बरोबर गेलो. सूनबाईने वहीत पाच वाक्ये लिहून नेली होती. पहिलेच वाक्य असे, की मला पोर्तुगीज थोडेच येते, कृपा करून सावकाश बोला. तिचा आवाज कापत होता. एक क्रियापद चुकले, ते कळले म्हणून ती थांबली, पुन्हा म्हणाली. नातीला ती चूक ऐकू आली. तिने मान वर केली, ओठ हलले. मग तिने माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा चित्रे रंगवायला घेतली. आईचे अडखळणे शेवटपर्यंत चालू राहिले. पोरीने त्यानंतर मान वर केली नाही. ती नऊ वर्षांची होऊन बसली होती.

बाहेर निघताना सूनबाई डॉक्टरीणबाईंना ‘ओब्रिगादा’ म्हणाली, स्त्रीचा शब्द, बरोबर. बांधली गेलेली. मला वाटले, हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा त्या पोरीला म्हणायला हवा होता.

माउली, आपल्यापैकी फारच थोडे लिस्बनला जातील. पण दुभाषी लेकरू पाहायला समुद्र ओलांडावा लागत नाही. गावातून पुण्याला आलेल्या घरात शाळेच्या इंग्रजी अर्जापुढे कोण बसते? बँकेचा निरोप मोबाइलवर आला, कर्जाचा हप्ता थकल्याचे पत्र आले, की आपण तो कोणाच्या हातात देतो? ते लेकरू वाचते, त्याचा चेहरा बदलतो, आणि ते म्हणते, “काही नाही.” त्या ‘काही नाही’पाशी थांबा. त्याच्याकडून तो कागद परत घ्या. येत नसेल तर त्याला म्हणा, मला वाचायला शिकव. चुकाल, ते हसेल. हसू द्या. वारीत आपण अनोळखी माणसापुढे वाकतो, त्याहून हे वाकणे अवघड आहे, कारण इथे समोरचा उलटून आपल्या पाया पडत नाही. तो फक्त हसतो आणि खेळायला निघून जातो.

त्याला खेळायला जाता यावे, एवढ्यासाठीच आपण वाकायचे.

रामकृष्णहरि.