किती ट्रॅव्हल पुरे?

दोन्ही चाकांना सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक घ्यायची ठरवल्यापासून एका प्रश्नाला मी बगल देऊ पाहते आणि तो पुन्हा समोर येतो. ही सायकल मला कोणत्या वाटांसाठी हवी आहे? ज्या वाटांवर मी खरोखर जाते त्यांच्यासाठी, की ज्या नुसत्या व्हिडिओत पाहते त्यांच्यासाठी?

माझ्या वाटा ठरलेल्या आहेत. पुण्यातली वेताळ टेकडी, सिंहगडाच्या पायथ्याचे कच्चे रस्ते, सुट्टीत महाबळेश्वराकडचा जांभा. टेकडीवर काळ्या बेसॉल्टचे उघडे दगड, त्यावर सुटा मुरूम, मध्येच सपाट माळ. चढ आखूड पण उभे, आणि उतार सुरू होतो न होतो तोच संपतो. एवढ्या तऱ्हांना एकच सायकल पुरवायची तर मागे 120 ते 140 मिलिमीटर ट्रॅव्हल (धक्का झेलताना सस्पेन्शनवर चाक जेवढं सरकतं ते अंतर), 29 इंची चाकं, 65-66 अंशांचा हेड अँगल, वजन चौदा किलोच्या आसपास, म्हणजे ट्रेल बाइक. हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी नजर जाते ती 170 मिलिमीटरच्या, अवघड उतारांसाठी असलेल्या एन्ड्युरो सायकलकडे.

का जाते? एक कारण सरळ आहे. तशी सायकल दारात उभी असली की माणसं आपल्याला कुणीतरी समजतात, आणि ते मला आवडेल. दुसरं कारण खोलवरचं आहे, ते म्हणजे भीती. उतारावर ब्रेक उशिरा दाबला, दगडांमधून चाक भलतीकडे गेलं, तरी लांब ट्रॅव्हल सांभाळून घेईल असं वाटतं. घेतोही तो. पण मग मी काय विकत घेते आहे? मागे सस्पेन्शन नसलेल्या हार्डटेलवर वाट मनगटांना आणि तळपायांना सतत सांगत असते, जरा दमानं. लांब ट्रॅव्हल तो निरोप वाटेतच गिळतो. वेग वाढलेला मला जाणवत नाही. समोरून काठी टेकत येणाऱ्या आजोबांना मात्र जाणवतो, आणि ते घाबरून कडेच्या काटेरी झुडपात सरकतात. माझ्या सुखाची किंमत त्यांनी का मोजावी?

हा प्रश्न या खेळाच्या माहेरीही सुटलेला नाही. 1976 साली कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत रीपॅकच्या उतारावर शर्यती सुरू झाल्या, त्या जुन्या, जाड टायरच्या, बिनसस्पेन्शनच्या सायकलींवर. एका उतारातच मागच्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि हब पुन्हा ग्रीसनं भरावा लागायचा, म्हणून ते नाव. त्याच भागातल्या टॅमलपाइस डोंगरावर पुढे पायी चालणारे आणि सायकलवाले यांच्यात तंटे झाले. तिथल्या पाणीपुरवठा खात्याच्या जमिनीवर सायकलला ताशी 15 मैलांची मर्यादा आली, आणि कुणाला ओलांडताना 5 मैलांची. मला हा नियम मनापासून पटतो. आपल्या टेकड्यांवर तो कुणी लावला नाही, म्हणून तो माझ्यापुरता संपत नाही.

ट्रॅव्हल पुरतो की नाही हे मोजायची साधी रीत आहे. मागच्या शॉकच्या दांड्यावर एक रबरी रिंग असते. ती सीलला टेकवायची, हेल्मेट-पाण्यासकट हळूच सीटवर बसायचं, न हिसकता उतरायचं आणि रिंग किती सरकली ते पट्टीनं मोजायचं. शॉकचा स्ट्रोक (दांडा आत जाण्याची पूर्ण लांबी) 50 मिलिमीटर असेल आणि रिंग 15 वर थांबली, तर सॅग, म्हणजे नुसत्या वजनानं शॉक दबण्याचं प्रमाण, तीस टक्के; हवेचा दाब ठीक. मग आपल्या नेहमीच्या उतारावरून यायचं. रिंग टोकाजवळ पोचली असेल तर ट्रॅव्हल कामी आला. नेहमी अर्ध्यावरच राहत असेल तर उरलेला ट्रॅव्हल आपण प्रत्येक चढावर फुकट वाहतो आहोत. ही रिंग खोटं बोलत नाही, म्हणून मला तिचा आधार वाटतो.

वाटेचाही विचार आहे. मागचं चाक लॉक करून घसटत नेलं की मुरूम उकरला जातो, पावसाळ्यात तिथूनच पाणी धावतं आणि वाटेची घळ होते. कासच्या सड्यावर तर मातीचा थर इतका पातळ आहे की चाकाचा एक पट्टाही तिथं नको. मग 'सगळ्या वाटांसाठी' म्हणताना त्यात अशा जागा मी मोजायच्याच कशाला?

पैशाचं मी थोडक्यात सांगते. रक्कम लाखांत जाते, आणि पिव्होटची बेअरिंग्ज, फोर्कची दर पन्नासेक तासांची सर्व्हिस हा खर्च पुढेही चालू राहतो. ती नेमानं करण्याची तयारी नसेल तर घरातले एवढे पैसे त्यात घालायचा मला हक्क नाही.

तर माझा निर्णय असा. मागे 130, पुढे 140, ॲल्युमिनियमची फ्रेम, उतारावर सीट खाली घेता येणारा ड्रॉपर पोस्ट, चांगले ब्रेक आणि हँडलला घंटी. टेकडीवर फिरायला येणाऱ्यांच्या गर्दीच्या वेळी उतारावरून यायचं नाही आणि वाट ओली असेल तर सायकल घरीच. तुम्हीही घेणार असाल तर दुकानातून एक दिवस मागून घ्या, आपल्या रोजच्या वाटेवर चालवा आणि ती रिंग कुठं थांबते ते पाहून मगच पैसे द्या.