याकोबाचे काय?

आमच्या बेळगावातील मंडळीत शब्बाथशाळेचा मधला वर्ग मी बरीच वर्षे घेत आलो आहे. दहा ते तेरा वर्षांची मुले. या वयात गोष्ट आवडते आणि प्रश्नही सुचतात, म्हणूनच या वर्गाला शिक्षक टिकत नाहीत, असे आमचे पाळकसाहेब थट्टेने म्हणतात. २०२२ च्या पावसाळ्यातील एका रविवारी पेत्राच्या तुरुंगातून सुटकेचा पाठ होता. भिंतीवर रंगीत तक्ता लावला होता. दोन शिपाई, दोन साखळ्या, मध्ये गाढ झोपलेला पेत्र आणि वर प्रकाशात उभा देवदूत. लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो तिथे मुले नेहमी श्वास रोखून ऐकतात, तशी त्या दिवशीही ऐकत होती. शेवटी मी नेहमीचा प्रश्न विचारला, "मग मुलांनो, यावरून आपण काय शिकलो?" दोघातिघांनी एका सुरात उत्तर दिले, "प्रार्थना केली की देव सोडवतो."

मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र तक्त्याकडे पाहत म्हणाली, "सर, मग माझ्या पप्पांना का नाही सोडवलं? आपण सगळ्यांनी प्रार्थना केली होती ना?"

वाचकहो, त्या मुलीला मी काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते इथे लिहिण्याजोगे नाही. 'देवाची योजना आपल्याला कळत नाही' अशा धर्तीचे काहीतरी होते, आणि लगेच मी समाप्तीचे गीत सुरू केले. ती गायली नाही.

तिच्या वडिलांना मी चांगला ओळखत होतो. आमच्या उपासनेत ते पायपेटी वाजवीत. २०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या मंडळीतील दोन बंधू एकाच आठवड्यात अत्यवस्थ झाले. एक हे, वय एक्केचाळीस. दुसरे मंडळीचे एक वडील, साठीच्या पुढचे, मधुमेही. मंदिर बंद होते, म्हणून रोज रात्री नऊ वाजता आम्ही आपापल्या घरी गुडघे टेकीत असू. प्राणवायूच्या सिलिंडरसाठी तरुण संघाची मुले रात्रभर फिरत होती. दोघांची नावे एकाच प्रार्थनेत, एकाच दमात घेतली जात. साठीचे वडील बाविसाव्या दिवशी चालत घरी आले. पायपेटी वाजवणारे गेले. कबरस्तानात पाच माणसे होती, आणि त्यांत त्यांची पत्नी नव्हती, कारण ती स्वतः तापाने अंथरुणावर होती.

पुढे मंदिर उघडले तेव्हा बरे झालेल्या बंधूंनी उभे राहून साक्ष दिली. देवाने मंडळीची प्रार्थना ऐकली, त्याच्या सामर्थ्यापुढे रोगाचे काही चालले नाही, असे ते म्हणाले. खरे बोलत होते, मनापासून बोलत होते, आणि आम्ही सर्वांनी 'आमेन' म्हटले. तिसऱ्या रांगेत ती विधवा आपल्या मुलीला घेऊन बसली होती. तिने 'आमेन' म्हटले की नाही हे मी पाहिले नाही. पाहायला हवे होते.

त्या रविवारी घरी येऊन मी प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय पुन्हा उघडला. आमचा पाठ पाचव्या ओवीच्या आसपास सुरू होतो, तिथूनच मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो. पण अध्याय तिथे सुरू होत नाही. हेरोद राजाने मंडळीतल्या काही जणांवर हात टाकला आणि योहानाचा भाऊ याकोब ह्याला तरवारीने मारले, हे दुसऱ्याच ओवीत येते. ही गोष्ट लोकांना आवडली असे पाहून त्याने मग पेत्राला धरले. याकोबासाठी पुरती दोन वाक्येही नाहीत. साखळ्या नाहीत, देवदूत नाही, उघडणारा दरवाजा नाही. ज्याने गालीलात आपले जाळे टाकून प्रभूमागे वाट धरली, याईराच्या घरी आणि रूपांतराच्या डोंगरावर ज्याला प्रभूने बरोबर नेले, त्या तिघांपैकी एकाचा शेवट एका ओळीत. आणि त्याच पानावर, त्याच राजाच्या तुरुंगातून, दुसरा सुटतो.

देव तोच, मंडळी तीच, हेरोदही तोच. याकोब धरला गेला तेव्हा मंडळीने त्याच्यासाठीही देवाला विनवले असेलच, असे मानायला काही हरकत नाही. मग याकोबाचे काय?

या प्रश्नाला आपल्याकडे दोनतीन तयार उत्तरे आहेत. पहिले, विश्वास कमी पडला. हे उत्तर देणाऱ्याने तोच अध्याय पुढे वाचावा. पेत्र सुटून दाराशी येऊन उभा राहतो, रुदा नावाची मुलगी त्याचा आवाज ओळखते, आनंदाच्या भरात दार उघडायचेच विसरते आणि आत धावत जाऊन सांगते. प्रार्थनेला बसलेली मंडळी तिला काय म्हणते? 'तुला वेड लागले आहे!' ज्यासाठी ते रात्रभर विनवीत होते ते दारात उभे, आणि त्यांचा विश्वास एवढासा! पेत्र सुटला तो मंडळीच्या विश्वासाच्या वजनाने सुटला नाही. तेव्हा याकोबाच्या वेळी वजन कमी पडले, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा अकरावा अध्याय आपण विश्वासवीरांची यादी म्हणून पाठ करवून घेतो. त्यात एकाच परिच्छेदात काही जण तरवारीच्या धारेपासून वाचले आणि काही जण तरवारीनेच मारले गेले. पत्र लिहिणारा दोघांनाही विश्वासाबद्दल नावाजलेले म्हणतो. त्या मुलीच्या आईला कोणी एका बहिणीने, हेतू चांगला असेल, 'आपणच प्रार्थनेत कमी पडलो' असे सांगितले होते. दुःखावर आणखी दोषाचा धोंडा ठेवायचा, आणि त्याला आत्मिक बोलणे म्हणायचे, याचा मला संताप येतो.

दुसरे उत्तर, देवाची इच्छा. हे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. गेथशेमानेत स्वतः प्रभू याच शब्दावर येऊन थांबला. पण तो घाम गाळून, तीनदा विनवून तिथे आला. आपण मात्र दुसऱ्याच्या घरातल्या मयताला जाऊन चहाच्या कपाबरोबर ते वाक्य देऊन येतो. ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तोवर त्यांचे वागणे ठीक होते. तोंड उघडले आणि बिघडले. शेवटी देव त्यांच्यावरच रागावला, कण्हणाऱ्या ईयोबावर नव्हे.

तिसरेही एक आहे, त्यावर फार थांबत नाही: देवाला आपल्या बागेसाठी सुंदर फूल हवे होते. अकरा वर्षांच्या मुलीला हे सांगून पाहा.

मग संकटात देवाच्या सामर्थ्यावर भिस्त ठेवायची म्हणजे नेमके काय करायचे? माझी चूक मला हळूहळू उमगली ती अशी. सामर्थ्य म्हणजे लोखंडी दरवाजा उघडणे, एवढीच माझी समजूत होती. दरवाजा उघडला तर सामर्थ्य दिसले, नाही उघडला तर? पण पेत्राच्या पुढच्या आयुष्याकडे पाहा. म्हातारपणी दुसरा कोणी तुझी कंबर बांधून तुला नको तिथे नेईल, असे प्रभूने त्याला आधीच सांगून ठेवले होते, आणि तो रोम शहरी नीरोच्या काळात रक्तसाक्षी झाला अशी फार जुनी परंपरा आहे. म्हणजे त्या रात्रीची सुटका ही सुमारे वीस वर्षांची मुदतवाढ होती. लाजरही दुसऱ्यांदा मेलाच असेल. आमचे बरे झालेले बंधू हे वाचतील तेव्हा रागावणार नाहीत, कारण हे मी त्यांच्याशी बोललो आहे: त्यांनाही मुदतवाढ मिळाली आहे. मुदतवाढ ही देवाची देणगी आहे, तिच्याबद्दल उपकार मानलेच पाहिजेत. पण देवाचे सामर्थ्य त्या मापाने मोजू लागलो तर आपणा प्रत्येकाच्या बाबतीत ते एक ना एक दिवस हरलेलेच दिसेल. मुदतवाढ नव्हे अशी सुटका एकच, ती तिसऱ्या दिवशी कबरेतून झाली. याकोब आणि पेत्र दोघेही तिच्यावरच उभे होते. एका बाबतीत ती झाकलेली राहिली, दुसऱ्याच्या बाबतीतही पुढे झाकली गेली.

यामुळे त्या मुलीचे दुःख लहान होते का? मुळीच नाही. आपण लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही प्रभू त्याच्या कबरेशी रडला. पुनरुत्थानावरील विश्वास डोळे कोरडे करण्यासाठी दिलेला नाही. आणि याकोबाला का, पेत्राला का नाही, याचे उत्तर लूकाने दिलेले नाही. तो ते द्यायचा प्रयत्नही करीत नाही. मला वाटते, त्याच्या या मौनाचा आपण मान राखावा.

लूक जे सांगतो ते वेगळे आहे. याकोबाचे रक्त सुकले नसेल तोच मंडळी पुन्हा प्रार्थनेला बसली. हा त्या अध्यायातला मला सर्वांत मोठा चमत्कार वाटू लागला आहे. एकदा मागितले, मिळाले नाही. त्याच देवाकडे, त्याच तरवारीच्या छायेत, पुन्हा मागायला बसायचे. व्यवहारात कोणी असे करीत नाही. एका दुकानदाराने फसवले तर आपण दुसरे दुकान गाठतो. शद्रख, मेशख व अबेदनगो ह्यांनी नबुखद्नेस्सरासमोर हेच केले. आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि न सोडवले तरी तुझ्या मूर्तीला नमणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. 'न सोडवले तरी' एवढे म्हणता आले की भरवसा सौद्यातून बाहेर पडतो.

आणि असा भरवसा हातपाय गाळून बसत नाही. पंडिता रमाबाईंची गोष्ट आपण मुक्ती मिशनच्या भरभराटीच्या बाजूने सांगतो, पण तिची दुसरी बाजू मोजून पाहा. १८७० नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत आईवडील व बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला. १८८२ साली, लग्नाला दोन वर्षे होत नाहीत तोच, पती पटकीने गेले; पदरी लहानगी मनोरमा. पुढच्या वर्षी इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, पण त्यानंतर दुःखे थांबली असे नाही. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा, भूक म्हणजे काय हे ज्या बाईने पोरवयात भोगले होते ती स्वतः तिकडे गेली आणि सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना घेऊन आली. केडगावी त्यांना शेती शिकवली, माग शिकवले, छापखान्यावर खिळे जुळवायला शिकवले. प्रार्थना केली आणि धान्यही विकत आणले. यांतल्या एकावर दुसरे सोडून दिले नाही. तिचा उजवा हात झालेली मनोरमा १९२१ च्या जुलैत वारली. त्यानंतर जेमतेम नऊ महिने रमाबाई जगल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ते दिवसही मूळ भाषांवरून केलेल्या मराठी पवित्र शास्त्राच्या कामातच गेले.

हे मुद्दाम लिहिले, कारण करोनाच्या दिवसांत लस घेणे म्हणजे अविश्वास, असे सांगणारे बंधू आपल्याही मंडळ्यांतून भेटले. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, हे प्रथम कोणी सुचवले ते त्यांनी आठवावे. पौलाने त्रफिमाला आजारी असा मिलेतात ठेवले, तीमथ्याला पोटासाठी औषध म्हणून थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, आणि त्याच्याबरोबर प्रवास करणारा लूक वैद्य होता. मिरजेचे वानलेस डॉक्टर १८९४ साली इस्पितळ उघडून बसले ते प्रार्थना सोडून नव्हे.

पुढच्या रविवारी मी तोच पाठ पुन्हा घेतला. मुले कुरकुरली, कारण तक्ता तोच होता. या वेळी पहिल्या ओवीपासून वाचले. याकोबाची ओवी आली तेव्हा थांबलो आणि त्या मुलीला म्हणालो, "गेल्या वेळी तू विचारलंस, त्याचं मी बरोबर उत्तर दिलं नाही. मला उत्तर येत नव्हतं. अजूनही पूर्ण येत नाही. पण तुझ्या पप्पांसारखा एक माणूस याच पानावर आहे, आणि मी त्याला इतकी वर्षं गाळत आलो होतो." मग जब्दीच्या मुलांची आई प्रभूकडे कशी आली, आपल्या दोन्ही मुलांसाठी तिने उजवी-डावीकडची जागा कशी मागितली, आणि प्रभूने पेल्याविषयी काय विचारले, तेही सांगितले. याकोबाने तो पेला प्याला, इतके म्हणून मी थांबलो. 'आपण काय शिकलो' असे विचारले नाही.

बरे झालेल्या बंधूंना मी ही हकीकत सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या आठवड्यात ते पायपेटीवाल्यांच्या घरी प्रथमच जाऊन बसले. काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. गेल्या वर्षीच्या उपकारस्तुतीच्या उपासनेत ते पुन्हा साक्षीला उभे राहिले, तेव्हा त्यांनी आधी त्या भावाचे नाव घेतले आणि मग आपले सांगितले.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर ती मुलगी तक्ता गुंडाळायला मदत करीत होती. मध्येच म्हणाली, "सर, पेत्रासाठी सगळे प्रार्थना करत होते त्या रात्री याकोबाची आई तिथे होती का?"

"शास्त्रात तसं लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

तिने दोरी बांधली, गाठ घट्ट आहे का पाहिले. "असेल," ती म्हणाली. "माझी आई जाते बुधवारच्या प्रार्थनेला."