पांचवी चिमणी

शास्त्रपाठ : लूक १२:६, २४



सकाळीं घरधनीण जोंधळे पाखडूं लागली, कीं परसांतील झाडावरून चिमण्या, साळुंक्या व होले खालीं उतरतात. सुपांतील कण्या त्यांच्यापुढें टाकिल्या, तर दुसऱ्या दिवशीं तीं पाखरें त्याच वेळीं हजर होतात. ह्या गोष्टीविषयीं नव्या विश्वासी मंडळींत शंका निघते. पूर्वीं आपण पुण्य मिळावें म्हणून पाखरांस दाणा टाकीत असूं, व पितरांच्या नांवानें कावळ्यास घास ठेवीत असूं. तर आतां ख्रिस्ती माणसानें हें करावें काय?

शंका रास्त आहे. पसाभर कण्यांनीं पाप फिटत नाहीं, आणि कावळ्याच्या चोचीनें मृतांस कांहीं पोंहचत नाहीं. आपलें तारण ख्रिस्ताच्या वधस्तंभाकडून फुकट मिळालें आहे. परंतु पुण्याची आशा सुटली म्हणून दयाही सोडावी, असें शास्त्र कोठेंही सांगत नाहीं. ज्याला फुकट मिळालें, त्यानें हात आखडूं नये.

आतां प्रभूनें पाखरांविषयीं काय शिकविलें तें पाहा. मत्तयांत एका दमडीस दोन चिमण्या, असा भाव आहे. लूकांत दोन दमड्यांस पांच. ही दमडी म्हणजे रोमी राज्यांतील तांब्याचें लहान नाणें. अशीं १६ नाणीं मिळून एक दिनार होई, आणि तेवढी मजुराची एका दिवसाची मजुरी असे. हिशेबानें दोन दमड्यांस चारच चिमण्या. पांचवी वर घातलेली. तिला किंमतच नाहीं! तरी तिचाही देवाला विसर पडत नाहीं, असें प्रभु शिकवितो.

त्याच अध्यायांत प्रभु कावळ्यांचेंही नांव घेतो. लेवीयाच्या ११ व्या अध्यायांत कावळा अशुद्ध पक्ष्यांत गणिला आहे. तरी देव त्यास खावयास देतो. इतकेंच नव्हे, तर एलीया करीथ ओहोळाजवळ लपला असतां त्यास भाकर व मांस आणून देण्याचें काम देवानें कावळ्यांसच सांगितलें (१ राजे १७).

बंधूंनो, वर घातलेली चिमणी कोण आणि अशुद्ध कावळा कोण, हें आपणांस दुसऱ्यानें सांगावयास नको. आपल्या वाडवडिलांस गांवानें वेशीबाहेर ठेविलें. त्यांची गणती कोणीं केली नाहीं. देवानें केली. मग आज आपण काय करितों? चिमणीस दाणा टाकितों व कावळ्यास ढेकूळ मारितों. उपासनेच्या वेळींही तसेंच. दुसऱ्या जातींतून नुकताच आलेला भाऊ देवळांत शिरला, तर त्याला सतरंजीच्या टोकाशीं जागा. आणि त्याच्या घरचें पाणी घ्यावयास आपला हात पुढें होत नाहीं. काल ज्यांस हुसकाविलें, तेच आज दुसऱ्यास हुसकावूं लागले, तर प्रभूस काय उत्तर द्यावें?

म्हणून पाखरांस अवश्य दाणा टाका. उन्हाळ्यांत उथळ परळांत पाणी ठेवा व तें रोज बदला. मांजर दबा धरणार नाहीं, अशी उघडी जागा पाहा. कावळा आला, तर त्यासही खाऊं द्या. दाणा टाकतांना लेंकरांस पांचव्या चिमणीची गोष्ट सांगा. आणि येत्या प्रभुवारीं त्या भावास आपल्या शेजारीं बसवा, व उपासना झाल्यावर त्याच्या घरीं जाऊन त्याच्याबरोबर भाकर खा. तशी कृपा देव आपणां सर्वांस देवो. आमेन.