न मागता मिळालेला मान

देवालयाच्या पायऱ्या चढताना आम्हांस कोणी ‘आपण कोण?’ असे विचारीत नाही. हा मान आम्ही कमावलेला नाही. जन्माबरोबर आला, म्हणून जाणवतही नाही. १९१७ साली न्यूयॉर्क व लंडन येथे विद्या संपादून भीमराव आंबेडकर याच बडोद्यात संस्थानच्या सेवेत रुजू झाले, पण त्यांस राहावयास खोली मिळेना. पारशांच्या सराईतून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांस बाहेर काढले. स्नेह्यांनीही आसरा नाकारला. एका उद्यानात अश्रू ढाळून ते मुंबईस परतले. सयाजीराव महाराज उदार होते खरे. परंतु खोल्या आमच्यासारख्या गृहस्थांच्या हाती होत्या. आपल्या अतिथिगृहाच्या अर्जात आडनावापुढे जातीचा रकाना अद्याप आहे. तो कशासाठी, हे येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही विचारणार आहोत.