तिसऱ्या मजल्यावरचा मोत्या

आमच्या बिऱ्हाडात दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी, एवढाच ऐवज. त्यात माणसं चार आणि पाचवा मोत्या. वजन ३५ किलो. तो आडवा पडला, की आम्हाला ढांग टाकून जावं लागतं, आणि तो वळला, की शेपटीच्या टप्प्यात येणारी कपबशी आधी उचलावी लागते.

पाच वर्षांपूर्वी धाकट्यानं त्याला मित्राच्या घरून दप्तरात घालून आणलं, तेव्हा तो मावत होता. ‘अस्सल अल्सेशियन आहे हो!’ असं शेजारी म्हणाले आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, हे कबूल करतो. मॅट्रिक मास्तराच्या घरी अशी भारदस्त गोष्ट एरवी येते कधी?

गेल्या मे महिन्यात मेहुणे आले. गॅलरीच्या गजांतून नाक बाहेर काढून बसलेल्या मोत्याकडे पाहत म्हणाले, “दाजी, जन्मठेपच दिलीत की ह्याला! मळ्यावर द्या पाठवून. चार एकर मोकळं रान आहे.”

ते मला लागलं. मी म्हणालो, “सुखात आहे तो. कधी तक्रार नाही त्याची.” म्हणालो खरा, पण मास्तरकीत इतकी वर्षं घालवल्यावर मला हे कळायला हवं होतं. मागच्या बाकावरचं गप्प पोर आपण शहाणं म्हणून सोडून देतो, आणि वर्ष संपताना कळतं, की त्याला फळाच दिसत नव्हता.

पुढे गणपतीत आम्ही मळ्यावर गेलो. तिथं मेहुण्यांचा स्वतःचा कुत्रा होता. दिवसभर गोठ्याच्या खांबाला बांधलेला. साखळी दोन हात, आणि समोर चार एकर! माझा जीव क्षणभर हलका झाला. दुसऱ्याचं पाप पाहून होतो, तसा.

प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० सालचा कायदा मी मुद्दाम वाचला. कुत्र्याला किती चौरस फूट हवेत, हे त्यात नाही. आखूड साखळीला तो गुन्हा म्हणतो, आणि नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं हिंडवलं नाही, तर त्यालाही. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. पावसाळ्यातला माझा आळस त्या दरानं स्वस्तातच सुटला असता.

मोत्याचे पूर्वज जर्मनीत मेंढरांमागे दिवसभर दुडक्या चालीनं हिंडणारे. त्याला सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर चालणं हवं. आणि पहाटे पाच ते सात ही माझी लिहिण्याची वेळ. म्हणजे अडचण जागेची नव्हतीच. मी लिहीत बसलो, की तो माझ्या चपलेवर हनुवटी टेकून पडून राहायचा. त्याला मी इमान म्हणायचो. खरं तर ती माझी सोय होती.

धर्मराजानं कुत्र्याशिवाय स्वर्गात पाऊल टाकायला नकार दिला, ही गोष्ट मी वर्गात रंगवून सांगतो. पण त्याची परीक्षा एकदाच झाली, आणि समोर साक्षात इंद्राचा रथ होता. मला रोज पहाटे पाचला विचारलं जातं, आणि समोर झिमझिम पाऊस आणि कोपऱ्यावरची भुंकणारी टोळी असते.

मेहुण्यांचं पुन्हा पत्र आलं, त्या रात्री मी घरात विषय काढला. सौभाग्यवती भाकरी थापता थापता म्हणाली, “पाठवायचा तर पाठवा. पण त्याच्यासाठी पाठवा, कादंबरीसाठी नको.”

मी काही बोललो नाही. कादंबरीचं अकरावं प्रकरण श्रावणापासून अर्धं पडलं आहे. मेहुण्यांच्या पत्राला उत्तर लिहायचं, म्हणून आज पहाटे बसलो. ‘सप्रेम नमस्कार’ लिहून झाला आणि विचार करत पेनाला टोपण लावलं. त्या टक् आवाजासरशी मोत्या उठला. शेपटीनं चहाचा पेला कागदावर उपडा केला आणि खुंटीवरच्या पट्ट्याखाली जाऊन उभा राहिला.