दप्तराची उगवण

मृग तोंडावर आला की हिंगोलीत दोन प्रकारच्या दुकानांपुढे गर्दी होते. एक बी-बियाण्यांची, दुसरी वह्या-पुस्तकांची. बहुतेक घरांत दोन्ही खर्च एकाच खिशातून आणि पंधरा दिवसांच्या आत निघतात. उधारीची बोलणीही दोन्हीकडे सारख्याच पडत्या आवाजात होतात.

बियाण्यांच्या बाबतीत आपण बऱ्यापैकी शहाणे झालो आहोत. सोयाबीन स्वपरागसिंचित पीक आहे. एकदा प्रमाणित बियाणं घेतलं की पुढची दोन वर्षं घरचंच बी पेरता येतं. म्हणून कृषी विभाग दर उन्हाळ्यात गावोगाव सांगत फिरतो : शंभर दाणे मोजून घ्या, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडा, गुंडाळी करा, आठवडाभर ओल टिकवा आणि मग कोंब मोजा. सत्तर उगवले तर बाजाराची पिशवी आणायचं कारण नाही. थोडे कमी उगवले तर एकरी बी थोडं वाढवा. फारच कमी उगवले तरच दुकानाची पायरी चढा.

हाच शंभर दाणे मोजणारा बाप मुलाच्या दप्तरापाशी आला की काहीच मोजत नाही. शाळेची यादी हातात घेतो आणि थेट दुकान गाठतो. आई त्याच्यापेक्षा वेगळी वागते असं समजू नका.

घरात असतं काय, ते एकदा पाहू. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत घराघराची शाळा झाली. एरवी मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी मराठी कुटुंबं मोजकी आणि बहुधा पुण्या-मुंबईकडची. त्या दीड-दोन वर्षांत मात्र ऐपत असलेल्या प्रत्येक घरात छोटा पांढरा फळा आला, भिंतीवर बाराखडीचे आणि फळांचे तक्ते आले, पुसून पुन्हा लिहायच्या सराव पुस्तिका आल्या, मण्यांची पाटी आली. शाळा उघडल्या आणि हे सगळं माळ्यावर गेलं. त्यानंतरच्या प्रत्येक जूनने त्यात भर घातली. अर्ध्या कोऱ्या वह्या, एकच पेन्सिल हरवलेली कंपासपेटी, पहिल्या दहा पानांनंतर हात न लागलेलं गाईड. धाकट्यासाठी यातलं काय चालेल हे पाहायला माळ्यावर चढावं लागतं, धूळ खावी लागते. दुकानात जाणं त्यापेक्षा सोपं.

पण मला वाटतं, कंटाळा हे अर्धंच कारण आहे. नवी वस्तू घेतली की मुलाच्या शिक्षणासाठी आपण काही केलं, असं समाधान मिळतं. रोज संध्याकाळी अर्धा तास त्याच्याजवळ बसणं जमत नाही, मग सरावसंच आणून देतो. संच मुलासाठी असतो, पण दिलासा मिळतो आपल्याला. मुलगा सातच्या पाढ्यावर अडखळत असेल तर आठव्या रंगीत पुस्तिकेनेही तो अडखळणारच. माळ्यावरचा ढीग बहुतेक वेळा आपल्या काळजीचा हिशेब असतो. तो उपसायला आपण टाळतो, त्यात हेही असावं.

उपसताना सोयाबीनचीच पद्धत चालते. स्केचपेन एकेक ओढून पाहायचे, वाळलेले बाजूला. वह्यांची कोरी पानं काढून दाभणाने शिवायची. कच्च्या कामाची वही तयार. हे काम मुलाकडूनच करून घ्यावं, गणित आपोआप होतं. अंकलिपी, नकाशे, शब्दकोश, गोष्टीची पुस्तकं ही सहसा शिळी होत नाहीत. पाठ्यपुस्तकांचं मात्र बघून घ्यावं लागतं. पहिलीचा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून बदलला आणि वरच्या इयत्तांचा टप्प्याटप्प्याने बदलत जाणार. त्याआधी २०२३-२४ पासून दोन वर्षं बालभारतीच्या पुस्तकांतच कोरी पानं घातली होती. दप्तराचं ओझं कमी व्हावं, वहीचा खर्च वाचावा, हा हेतू चांगला होता. पण ज्या पुस्तकात एकाने वर्षभर लिहिलं, ते दुसऱ्याच्या हाती कसं द्यायचं? पुढे ती पानं बंद झाली. पुस्तक एका मुलाचं की अनेकांचं, हा प्रश्न त्या दोन वर्षांत फारसा कुणी विचारला नाही, याचं मला अजून नवल वाटतं. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तकं फुकट मिळतात म्हणून असेल. फुकटच्या पुस्तकालाही कागद लागतो, हे आपण सोयीने विसरतो.

साहित्य भारी असलं की शिक्षण भारी होतं, या समजुतीला उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या वाटेवर आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया हा प्रकल्प उभा राहतो आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेले सुमारे २६०० कोटी रुपये आणि मोजायचं काय, तर गुरुत्वीय लहरींनी अंतरात पडणारा फरक, तोही प्रोटॉनच्या आकाराहून कितीतरी लहान. या कामातली एक प्रमुख संस्था पुण्याची आयुका. त्याच आयुकाच्या आवारात मुलांसाठीची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिथे अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षं आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, शीतपेयाच्या नळ्या आणि जुनी वर्तमानपत्रं यांतून विज्ञानाची खेळणी केली, मुलांना करायला शिकवली. आयआयटी कानपूरचा हा अभियंता; २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या संस्थेला २६०० कोटींच्या यंत्राची गरज कळते, तिला मुलाला त्रिकोण आणि चौकोन यांतला फरक समजायला चार काड्या पुरतात हेही कळतं. व्हॉल्व्ह ट्यूबने जोडलेल्या आगकाड्यांचा त्रिकोण दाबून पाहा, हलत नाही. चौकोन लगेच कलतो. पुलाला आणि छपराच्या कैचीला त्रिकोण का लागतो, ते मुलाच्या बोटांना समजतं. वसमतच्या मोंढ्यात हळदीचं पोतं काट्यावर चढताना पाहिलेल्या मुलाला किलो आणि क्विंटल शिकवायला तक्ता कशाला हवा?

इथे एक खोच आहे आणि ती घरातलीच आहे. जुनं वापरा म्हटलं की ते कुणाच्या वाट्याला येतं? थोरल्या मुलाला नवी बॅग आणि त्याची जुनी बहिणीला, हा क्रम आपल्या घरांत पक्का बसलेला आहे. त्याला काटकसर म्हणू नये. ज्याला नवं मिळू शकतं त्याने जुनं घेतलं तरच ती काटकसर. गावातही तसंच. फाटकं, खाडाखोड केलेलं, अर्धवट ते गोरगरिबांच्या मुलांना द्यायचं आणि वर फोटो काढायचा, याला माळा साफ करणं म्हणतात, मदत नव्हे. आपल्या मुलाच्या हाती द्यायला आपल्याला संकोच वाटेल अशी वस्तू दुसऱ्याच्या मुलाला देऊ नये. द्यायचीच तर पुठ्ठा घालून, नाव खोडून, पेन्सिलीला टोक करून द्यावी. घेणाऱ्या मुलाला वर्गात ‘हे माझंच’ म्हणता आलं पाहिजे.

देण्याची गोष्ट निघालीच आहे, तर नानाजी देशमुख आठवतात. ते आपल्या जिल्ह्यातल्या कडोळीचे, जन्म १९१६ चा. शिकण्याची हौस दांडगी आणि पुस्तकांना पैसे नाहीत, म्हणून त्यांनी भाजी विकली. पुढे २०१० मध्ये गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देह दिल्लीच्या एम्सला दिला गेला. ज्याला पुस्तक मिळवायला भाजी विकावी लागली, त्याने स्वतःचं शरीरही शिकण्या-शिकवण्याच्या कामी लावलं. २०१९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं. त्यांच्या राजकारणाविषयी कुणाचं काहीही मत असो, एवढं त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

आता एक काम. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातूनही ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्यांच्याबरोबर जाणाऱ्या मुलाचा पुस्तकांचा एकच संच असतो. तो सोबत न्यावा तर तळावर पावसात नाहीतर चुलीपाशी खराब होतो; घरी ठेवावा तर पाच महिने अभ्यास बंद. अशा मुलाला चालू अभ्यासक्रमाचा दुसरा, जुना संच मिळाला तर एक घरी राहील आणि एक फडावर जाईल. या आठवड्यात आपल्या गावच्या शाळेत जा, कोणत्या इयत्तेची जुनी पुस्तकं अजून चालतात ते मुख्याध्यापकांना विचारा आणि तेवढी नीट करून शाळेत नेऊन द्या. शाळेची यादी घेऊन दुकानात त्यानंतर जा.